चांगुलपणाच्या तासाबाहेर

महाराष्ट्रातल्या शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, फळ्यावरचा सुविचार, दिनविशेष आणि एखादी बोधकथा. राज्यात मूल्यशिक्षणासाठी जी दहा मूल्ये ठरवली गेली, त्यांत श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्या जोडीला संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता यांनाही जागा आहे. घरी आजी-आजोबा तेच सांगत असतात: भांडू नकोस, वाटून खा, म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा दे. आपल्या मुलाने इतरांशी मायेने वागावे असे न वाटणारे आईवडील शोधूनही सापडणार नाहीत. पण हे शिकवायचे कसे, याचा विचार गणित किंवा इंग्रजी शिकवण्याच्या मानाने फारच थोडा होतो.

गेल्या शंभरेक वर्षांत मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि शिक्षक या साऱ्यांनी या प्रश्नावर पुष्कळ काम करून ठेवले आहे. सगळे एका सुरात बोलतात असे नाही. पण ते काम शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट ठळक दिसते. परोपकार ऐकून येत नाही. मूल कोणाची तरी जबाबदारी अंगावर घेते, आपल्यासारख्या नसलेल्या मुलांबरोबर वाढते आणि मोठी माणसे काय करतात ते पाहते, त्यातून तो येतो. आणि आजच्या मध्यमवर्गीय बालपणातून नेमक्या याच संधी कमी होत चालल्या आहेत.

उपदेशाची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११,००० शाळकरी मुलांना अशा प्रसंगांत ठेवले, की त्यांना कोणाच्या नकळत फसवणूक करता यावी, खोटे बोलता यावे, किंवा दुसऱ्यासाठी स्वतःच्या वस्तू सोडता याव्यात. निष्कर्ष १९२८ पासूनच्या तीन खंडांत आले आणि त्यांनी अनेकांची झोप उडवली. वर्गात प्रामाणिक असणारे मूल मैदानावर तसेच वागेल याची खात्री नव्हती. धार्मिक वा नैतिक शिकवण जास्त मिळालेली मुले प्रत्यक्षात अधिक सचोटीने वागतात, असेही दिसले नाही. पुढच्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा स्वभावातल्या सातत्याचा एक बारीक धागा सापडला खरा, पण नुसत्या शिकवणीची बाजू काही सावरली नाही.

अलीकडचा निकालही उत्साह वाढवणारा नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने शाळांत चालणारे चारित्र्यविकासाचे सात कार्यक्रम निवडून ते तिसरी ते पाचवीच्या मुलांवर नीट तपासले. २०१० मध्ये अहवाल आला. सरासरीने पाहता मुलांच्या सामाजिक समजेत, वागण्यात किंवा अभ्यासात हे कार्यक्रम असणाऱ्या आणि नसणाऱ्या शाळांत फरक नव्हता.

एवढ्यावरून ‘शिकवून उपयोग नाही, जे असते ते रक्तातच’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. कारण रक्तात काय असते, याचाही शोध झाला आहे आणि तो मोठा आशादायक आहे.

२००६ साली फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या २४ बाळांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि त्याचा हात तिथवर पोहोचत नाही. दोन्ही हातांत पुस्तकांची चवड धरून तो कपाटाशी येतो आणि दार उघडता न आल्याने अडकतो. बाळांना कोणी काही सांगितलेले नाही, बक्षीस नाही, शाबासकीही नाही. तरी २४ पैकी २२ बाळांनी किमान एकदा मदत केली. बरीचशी तर काही क्षणांतच पुढे सरसावली. हाच माणूस चिमटा मुद्दाम खाली टाकतो तेव्हा बाळे उठत नाहीत. म्हणजे समोरच्याची अडचण त्यांना कळत होती. २०१२ मध्ये कॅनडात लारा अॅक्निन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालच्या मुलांना खाऊ दिला आणि तो एका बाहुलीला द्यायला लावला. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खाऊ मिळण्यापेक्षा तो देताना अधिक दिसला, आणि स्वतःच्या वाट्याचा खाऊ देताना सर्वांत अधिक.

अशा प्रयोगांतले सगळेच टिकते असे नाही, हेही इथेच सांगायला हवे. सहा आणि दहा महिन्यांची बाळे मदत करणाऱ्या बाहुलीला आडकाठी करणाऱ्या बाहुलीपेक्षा पसंत करतात, हा २००७ सालचा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून एक हजाराहून अधिक बाळांवर तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा २०२४ मध्ये निकाल आला तो निम्म्यानिम्म्याचा. बाळांना न्याय कळतो, हे म्हणणे घाईचे होते. मदतीची ओढ मात्र पुनःपुन्हा दिसली आहे.

मग शाळेत जाईपर्यंत त्या ओढीचे होते काय?

वॉर्नेकन आणि टोमासेलो यांनीच २००८ मध्ये याचा एक भाग उलगडला. मदत केल्यावर ज्या बाळांना दर वेळी खेळणे मिळाले, त्यांची पुढची मदत कमी झाली. काहीच न मिळालेली किंवा केवळ ‘थँक यू’ ऐकलेली बाळे मदत करत राहिली. चांगल्या वागणुकीला चॉकलेट, स्टार, स्टिकर देण्याची पद्धत आपल्या बालवाड्यांत सर्रास आहे. हेतू चांगला असतो. पण मूल जे आपणहून करत होते त्याला मोबदला चिकटला की पुढच्या वेळी ते मोबदल्याची वाट पाहते. याचा अर्थ कौतुकच करू नये असा होत नाही. कौतुक त्या कामाचा समोरच्याला झालेला उपयोग दाखवून करता येते, आणि ते पुरते.

मोठ्यांच्या वागण्याचा परिणाम मोजणारे प्रयोगही जुने आहेत. १९७० च्या सुमारास जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी मुलांना एका मोठ्या माणसाचा खेळ पाहायला लावला. तो खेळात बक्षीस जिंकतो. काही मुलांसमोर तो ‘गरिबांना द्यावे’ असे बोलतो आणि देतो. काहींसमोर तसेच बोलतो, पण देत नाही. काहींसमोर देण्याच्या विरुद्ध बोलतो आणि देतो. मुलांनी स्वतःच्या पाळीला काय केले, ते त्याच्या कृतीवर ठरले. त्याच्या बोलण्याचा त्यांच्या हातावर जवळजवळ परिणाम झाला नाही. त्यांच्या तोंडावर मात्र झाला. द्यावे असे ऐकलेली मुले ‘द्यावे’ असे म्हणायला शिकली. परिपाठात घडाघडा बोधकथा सांगणाऱ्या मुलाकडे पाहून समाधान मानताना हा निष्कर्ष आठवावा.

बोलण्याला अजिबात किंमत नाही, असे मात्र मुळीच नाही. किंमत असते ती एका विशिष्ट बोलण्याला. मार्टिन हॉफमन यांनी १९६० च्या दशकापासून मांडलेला मुद्दा असा: मुलाने दुसऱ्याला दुखावले की आईवडील तीन प्रकारे वागतात. धाक किंवा मार, अबोला, नाहीतर त्या कृतीने दुसऱ्याला काय झाले ते दाखवून देणे. ‘ढकललंस म्हणून तिच्या गुडघ्याला लागलंय, बघ, रडतेय ती. आता काय करूया?’ या तिसऱ्या रीतीने वाढलेल्या मुलांत दुसऱ्याची जाणीव अधिक दिसते, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले. मारामुळे मूल लक्ष ठेवते ते मारणाऱ्यावर. ज्याला दुखावले तो बाजूलाच राहतो. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि मरियन रॅडके-यारो यांनी १९७९ मध्ये आयांकडूनच घरातल्या प्रसंगांच्या नोंदी करून घेतल्या. समजावताना ज्या आयांच्या आवाजात कळकळ असे, त्यांची दीड-दोन वर्षांची मुले झालेली चूक भरून काढायला जास्त वेळा पुढे येत. कोरडे स्पष्टीकरण तेवढे काम करत नव्हते.

याच धाग्याचे सर्वांत हलवून टाकणारे काम सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर या दाम्पत्याचे आहे. सॅम्युअल स्वतः पोलंडमधले ज्यू. कुटुंब नाझींनी मारले तेव्हा ते १२ वर्षांचे होते आणि एका ख्रिस्ती शेतकरी बाईंच्या आधाराने वाचले. मोठेपणी त्यांनी पत्नीसह, जिवावर उदार होऊन ज्यूंना लपवणाऱ्या ४०० हून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि तशाच परिस्थितीत गप्प राहिलेल्यांशी त्यांची तुलना केली. १९८८ मध्ये पुस्तक आले. धर्म, शिक्षण, पैसा यांनी दोन गटांत फारसा फरक पडत नव्हता. लहानपणाबद्दल विचारले तेव्हा मात्र पडला. वाचवणाऱ्यांना आठवत होते ते आईवडिलांनी कारण समजावून सांगणे. मारझोड त्यांच्या आठवणींत कमी होती. शिवाय त्यांच्या घरात ‘आपली माणसे’ या मर्यादेत परक्या धर्माचे, परक्या जातीचे लोकही येत. या आठवणी चाळीस वर्षांनंतरच्या, म्हणून त्यांना प्रयोगाचे वजन देता येत नाही. पण माणसे किती टोकाची परीक्षा देऊन आली होती हे पाहता त्या बाजूलाही सारता येत नाहीत.

आता कामाकडे. या विषयातली सर्वांत कमी चर्चिलेली आणि महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बीट्रिस आणि जॉन व्हाइटिंग यांच्या गटाने १९५० च्या दशकात सहा समाजांतल्या मुलांचे रोजचे वागणे घरात, अंगणात बसून टिपले. केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, अमेरिकेतले एक गाव आणि उत्तर प्रदेशातले खालापूर (रायगडमधले नव्हे). १९७५ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. दुसऱ्याला मदत, आधार, काळजी यांत केनिया, मेक्सिको आणि फिलिपिन्सची मुले पुढे होती. अमेरिकन गाव, ओकिनावा आणि खालापूर यांची मुले मदत देण्यापेक्षा मागण्यात आणि हुकूम सोडण्यात अधिक दिसली. मदतीत पुढे असलेल्या तीन गावांतल्या आयांवर शेताचा आणि घराचा भार मोठा होता आणि मुलांच्या वाट्याला खरी कामे येत. त्यातही तान्ह्या भावंडांना सांभाळण्याचे काम सर्वांत परिणामकारक ठरले. तान्हे बाळ बोलत नाही. त्याला काय हवे ते ओळखावे लागते आणि चूक झाली तर ते लगेच रडून सांगते.

पण मुली मुळातच मायाळू असतात, कामाचा काय संबंध, अशी शंका येईल. तिचे उत्तर कॅरोल एम्बर यांच्या १९७३ च्या अभ्यासात आहे. केनियातल्या लुओ समाजात पाणी, दळण, स्वयंपाक आणि पोरे सांभाळणे ही मुलींची कामे. ज्या घरात त्या वयाची मुलगी नसे, तिथे आई ती कामे मुलाला सांगे. असे मुलगे काम नसतानाही इतर मुलग्यांपेक्षा कमी भांडत आणि जास्त मदत करत. माया बाईच्या जातीतच असते, असे आपल्याकडे हजार वेळा म्हटले जाते. ती मोठ्या प्रमाणावर कामातून येत असेल, तर मुलग्यांना त्या कामांपासून दूर ठेवणाऱ्या घरांनी त्यांचे लाड केले नाहीत, नुकसान केले.

इथे एक धोका आहे आणि महाराष्ट्राने तो जवळून पाहिला आहे. भावंडे सांभाळायची म्हणून शाळा सुटलेल्या मुलींच्या पिढ्याच्या पिढ्या आपल्याकडे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि नंतर त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांना हेच दिसले. वारली मुली कडेवर भाऊ घेऊन हिंडत, मुलगे गुरांमागे जात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही आणि भावंडांना सोडून या असेही सांगितले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिला विकासवाडी म्हटले. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. कडेवरचे बाळ पाळणाघरात, ताई शेजारच्या वर्गात. मुलांचे जबाबदारीचे नाते न तोडता शिक्षण कसे द्यावे, याचा इतका सुंदर तोडगा जगात फार कमी ठिकाणी निघाला असेल. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण शिक्षणशास्त्राच्या चर्चेत हा तोडगा अजूनही हवा तेवढा येत नाही.

गांधीजींच्या नयी तालीमची सुरुवातही महाराष्ट्रातली, ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतली. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई आणि शेतीबरोबर स्वयंपाक, झाडलोट आणि संडाससफाईही शिक्षणाचाच भाग होती. जपानमध्ये आजही मुले वर्ग आणि शौचालये स्वतः साफ करतात आणि पांढरे अंगरखे घालून एकमेकांना जेवण वाढतात. त्याचे व्हिडिओ आपल्याकडे फिरत असतात. अर्धीच गोष्ट त्यात असते. त्याच जपानमध्ये शाळेतला छळ हा मोठा राष्ट्रीय प्रश्न आहे. २०११ मध्ये ओत्सु शहरात एका मुलाने त्या छळापायी जीव दिल्यावर २०१३ मध्ये कायदा करावा लागला, आणि २०१८ पासून नीतिशिक्षण हा प्राथमिक शाळांत रीतसर विषय झाला. सामूहिक काम गटाविषयी आस्था निर्माण करते. गटात न बसणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

त्या प्रश्नावर फिनलंडचे काम मोलाचे आहे. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की छळाच्या प्रसंगी वर्गातली बहुतेक मुले कुठली ना कुठली भूमिका करत असतात. कोणी साथ देतो, कोणी हसतो, कोणी नजर वळवतो, थोडी मुले मध्ये पडतात. छळणाऱ्याला बळ मिळते ते हसणाऱ्यांकडून. म्हणून ‘कीवा’ हा कार्यक्रम बघ्यांवर भर देतो: त्रास झालेल्या मुलाशेजारी जाऊन बसायचे कसे, मोठ्यांना सांगायचे कसे. २००९ पासून तो देशभर गेला. काटेकोर चाचणीत छळ कमी झाला. देशभर पसरल्यावर परिणाम पातळ झाला, आणि वरच्या इयत्तांत प्राथमिकएवढा दिसला नाही. चांगला कार्यक्रम शिक्षकाच्या हाती पोहोचेपर्यंत त्यातला जीव राहतो का, हा प्रश्न सगळीकडेच येतो.

गोष्टींचे काय? मराठी घरात संस्कार म्हटले की गोष्ट आधी आठवते. टोरांटोत चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली गेली: एकात माणसे, दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपली स्टिकर्स अधिक वाटली. प्राण्यांच्या गोष्टीने वाटणे वाढले नाही. दुसऱ्या एका प्रयोगात, २०१४ मध्ये, ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट ऐकून मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. खरे बोलल्याबद्दल वडिलांनी कौतुक केले अशी गोष्ट ऐकून झाले. हे छोटे प्रयोग आहेत आणि त्यांच्या जोरावर पंचतंत्र, इसापनीती बाजूला ठेवण्याचे कारण नाही; त्या गोष्टींत चातुर्य आहे, मजा आहे. पण परोपकारासाठी मुलाला आपल्यासारखे माणूस दिसावे लागते, हे पटण्यासारखे आहे.

‘श्यामची आई’ची ताकद कदाचित इथेच आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आज भाबडेपणाचा शिक्का सहज मारला जातो. त्यातली आई मात्र भाषणे देऊन थांबत नाही, मुलाला कामाला लावते. मोळी खाली पडलेल्या म्हाताऱ्या महार बाईला मदत करायला ती श्यामला पाठवते, आणि तेही शिवाशिव कडक पाळणाऱ्या गावात. पुस्तक लिहिणारा माणूस अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणे स्वतः आवरून ठेवत असे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. गोष्ट, घरचे काम आणि सार्वजनिक कृती एकाच माणसात इतकी सलग क्वचितच असते. डोळे पाणावण्यासाठी पुस्तक वापरले आणि मोळीचा प्रसंग विसरला, तर त्यातले अर्धे शिक्षण वाया गेले.

अलीकडच्या शालेय कार्यक्रमांचा हिशेब थोडक्यात देता येतो. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या २१३ कार्यक्रमांचा आणि २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा एकत्र आढावा घेतला. मुलांचे वागणे सुधारले आणि अभ्यासातही प्रगती दिसली. पायरीपायरीने, कृती करायला लावून शिकवणारे कार्यक्रम उपयोगी ठरले. २०१० च्या निराशाजनक अहवालाशी हे जुळत नाही असे वाटेल. पण दोन्हींतून निघते ते एकच, की नावाने सगळे कार्यक्रम सारखे असले तरी आतून नसतात. टोरांटोत मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात वस्तीतले तान्हे बाळ आईबरोबर वर्षभर वर्गात येते, हिरव्या चादरीवर बसते आणि मुले त्याला काय वाटत असेल ते ओळखायला शिकतात. व्हाइटिंग यांच्या गटाला केनियात दिसलेले शिक्षण शहरी वर्गात आणण्याचा हा प्रयत्न आहे. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंद-अभ्यासक्रमाचा रोजचा तास सुरू केला. महाराष्ट्रात शांतिलाल मुथा यांच्या संस्थेचे ‘मूल्यवर्धन’ २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांतून सुरू झाले आणि पुढे राज्यभर गेले. संविधानातली मूल्ये त्याचा पाया आहेत आणि गटात बसून, एकमेकांशी बोलून करायच्या कृती हे त्याचे माध्यम. सुविचाराच्या फळ्यापेक्षा हे फार पुढचे पाऊल आहे.

मुलांच्या कानावर घरून दुसरेच काही पडत असेल तर शाळेचे हात बांधले जातात. हार्वर्डमधल्या रिचर्ड वाइसबोर्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये सुमारे १०,००० विद्यार्थ्यांना विचारले: यश, आनंद आणि इतरांची काळजी घेणे यांत तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय? पाचातल्या चौघांनी यश किंवा आनंद निवडला. आईवडिलांना आपल्या माणुसकीपेक्षा गुणांचा अभिमान जास्त वाटतो, हे मान्य करणारी मुले नाकारणाऱ्यांच्या तिप्पट होती. पालकांचे म्हणणे तसे नसते. मुले रोजच्या प्रश्नांवरून ताडतात. शाळेतून आल्यावर ‘पेपर कसा गेला’ हे नेहमी विचारले जाते आणि ‘डबा नव्हता त्याला दिलास का’ हे कधीच नाही, तर हिशेब उघड आहे.

आणि घाई. १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी केलेला प्रयोग मुलांवरचा नाही, पण इथे टाळता येत नाही. भावी धर्मगुरूंना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला. काहींचे भाषण जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या बायबलमधल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावरच होते. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. ज्यांना वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झाला होता त्यांतले १० टक्के. शाळा, शिकवणी, क्लास, पुन्हा गृहपाठ असा दिवस असलेल्या मुलाने दुसऱ्याकडे पाहावे कधी? आजची पिढीच आत्मकेंद्री आहे, या तक्रारीला पुरावाही तोकडा आहे. अमेरिकन महाविद्यालयीन तरुणांची सहानुभूती १९७९ नंतरच्या तीस वर्षांत घटली, असे दाखवणाऱ्या सारा कॉनरॅथ यांनाच पुढे ती पुन्हा वाढल्याचे आढळले.

सर्वांत कठीण भाग सोबतीचा. दया आपल्यासारख्यांपुरतीच राहिली तर तिचा समाजाला काय उपयोग? कर्मवीर भाऊराव पाटलांना हे विद्यार्थिदशेतच कळले होते. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना त्यांच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. शाहू महाराजांच्या कोल्हापुरातली वसतिगृहे मुख्यतः जातवार होती. त्या काळात तेही मोठे पाऊल होते. साताऱ्यात मात्र सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहात, काम करत, स्वयंपाकाला हातभार लावत आणि एका पंगतीला जेवत. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

एकत्र राहण्याचा परिणाम पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मोजला. उत्तर प्रदेशात मॅथ्यू लो यांनी वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना अभ्यासात घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. एकाच संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीचे खेळाडू ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटले, त्यांच्या तशा मैत्र्या कमी झाल्या. नुसते समोरासमोर आणून भागत नाही, बाजू एक असावी लागते.

शाळेतला पुरावा दिल्लीचा आहे. २००७ पासून दिल्लीतल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. गौतम राव यांनी गरीब वर्गमित्र असलेल्या श्रीमंत मुलांची तुलना ते नसलेल्या मुलांशी केली. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब सोबती असलेली मुले अधिक उदार निघाली, सामाजिक कामाला आपणहून पुढे आली. पळण्याच्या शर्यतीत साथीदार निवडताना वेगवान पण गरीब मुलाला ती कमी डावलत. तोटाही होता: इंग्रजीचे गुण किंचित घसरले, वर्गात थोडी बेशिस्त वाढली. गणित आणि हिंदीला धक्का लागला नाही.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांकडे आपण गरिबांवरचा उपकार म्हणून पाहतो. हा अभ्यास सांगतो की त्या जागा श्रीमंतांच्या मुलांसाठीही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, जुलैमध्ये ती सूटच रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या वादात फीच्या परताव्यापासून जागांच्या मोजणीपर्यंत सगळे आले. उरलेल्या ७५ टक्के मुलांचे काय हरवले असते, हा मुद्दा मात्र जवळजवळ कोणी मांडला नाही.

राव यांच्या अभ्यासात आणखी एक तपशील आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या वर्णक्रमाने पाडत, त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल आले हा केवळ योगायोग होता. वर्गमित्रांमुळे दिसलेल्या परिणामाचा मोठा वाटा या रोजच्या, गुडघ्याला गुडघा लावून केलेल्या कामाचा होता. प्रवेश दिला आणि शेवटच्या बाकावर बसवले, तर तो मिळणार नाही. जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हा कोण कोणाशेजारी बसेल, कोणाच्या गटात प्रकल्प करेल, कोणाबरोबर डबा खाईल, हे बहुतेक ठिकाणी उंचीवरून, गुणांवरून किंवा हजेरीच्या क्रमांकावरून ठरते. ते विचारपूर्वक ठरवायला शासननिर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. वर्गशिक्षिका पहिल्या आठवड्यात ते करू शकतात.